तासलेल्या जमिनीचा उजेड

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात गुस्ताव्ह कायबॉत या चित्रकाराचं १८७५ सालचं एक तैलचित्र आहे. विषय साधा : लाकडी जमीन तासणारे कामगार. उंची सुमारे १०२ सेंटिमीटर, रुंदी १४७. रिकामी खोली, गुडघ्यांवर बसून काम करणारे उघड्या अंगाची तीन माणसं, आणि उरलेली बहुतेक सगळी जागा जमिनीची. घरासाठी पार्केट, म्हणजे लाकडी जमीन, निवडायला निघालेल्या माणसाने दुकानातले नमुने हाताळण्याआधी हे चित्र निवांत पाहावं, असं मला मनापासून वाटतं. लाकडी जमीन कशी पाहावी, हे त्यात सगळं आहे.

कायबॉत आपल्याला उभ्या माणसाच्या नजरेतून खाली बघायला लावतो. मागची भिंत वर सरकते, छत दिसतच नाही, आणि जमीन जवळजवळ अंगावर येते. मागच्या बाल्कनीच्या दारातून दिवसाचा उजेड आत शिरतो. लाकडी पट्ट्या त्या दाराच्या दिशेनेच धावतात, त्यामुळे उजेड त्यांच्यावरून सरळ घसरत आपल्यापर्यंत पोहोचतो. जुन्या सुतारांचा नेम इथे डोळ्यांना पटतो : पट्ट्या खिडकीकडून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने टाकाव्यात. आडव्या टाकल्या, तर प्रत्येक सांध्याची बारीकशी उंच कड स्वतःची सावली पाडते आणि जमीन खडबडीत भासते.

मग रंग. जमिनीचा काही भाग गडद आणि चकाकता आहे, काही भाग फिकट आणि कोरडा. गडद-फिकट पट्ट्यांची ही आळीपाळी म्हणजे चित्राचा प्राण. चकाकत्या भागावर उजेड पाण्यासारखा साचतो, तासलेल्या भागात तो मुरतो. त्याच लाकडाचे हे दोन चेहरे आहेत. आजच्या भाषेत, एक वॉर्निशचा आणि दुसरा उघड्या लाकडाचा. घरासाठी चकचकीत लॅकर घ्यावं, मॅट घ्यावं की तेल पाजावं, हा प्रश्न पडला असेल तर उत्तर इथे नजरेसमोर आहे. चकाकी खोलीतल्या खिडक्या जमिनीवर उतरवते आणि त्यासोबत प्रत्येक ओरखडाही दाखवते. मॅट किंवा तेल पाजलेली जमीन उजेड पोटात घेते आणि लाकडाची शीर पुढे आणते. तेल अधूनमधून पुन्हा द्यावं लागतं, पण डाग पडलेला तुकडा तेवढाच घासून सुधारता येतो. मी तेलाच्या बाजूचा आहे.

आता माणसं बघा. तिघांचे हात पुढे ताणलेले आहेत. उजवीकडचे दोघे शेजारी-शेजारी आहेत आणि एकाने मान दुसऱ्याकडे वळवली आहे. काम चालू आणि बोलणंही चालू. डावीकडचा कामगार हात लांबवून जमिनीवरचं हत्यार उचलतो आहे. उजव्या कडेला दारूची बाटली आणि पेला. जमिनीवर सगळीकडे रंध्याच्या साली पडल्या आहेत, गोल वळलेल्या, हलक्या. बाल्कनीच्या लोखंडी जाळीतही तशीच वळणं आहेत. लोखंडाची नक्षी आणि तासून निघालेलं लाकूड यांना चित्रकाराने एकाच रेषेत गुंफलं आहे. खोली मानली जाते ती कायबॉतच्या स्वतःच्या श्रीमंत घरातली. तरी मालकाचा मान त्याने कामगारांच्या पाठींना दिला, त्यांच्यावर पडणारा उजेड जमिनीवरच्या उजेडाइतक्याच काळजीने रंगवला.

'सालों' या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाच्या परीक्षकांनी १८७५ मध्ये हे चित्र नाकारलं. शेतात राबणारे शेतकरी चित्रात चालत होते. चित्रकार मिलेच्या शेतमजूर बाया त्याआधीच येऊन गेल्या होत्या. शहरातल्या घरात गुडघे टेकून जमीन खरवडणारा मजूर मात्र परीक्षकांना रुचला नाही. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, इम्प्रेशनिस्टांच्या दुसऱ्या प्रदर्शनात ते लागलं आणि टिकलं.

या चित्रातली जमीन सरळ पट्ट्यांची आहे. पार्केटच्या घराण्यातला हा सर्वांत साधा बाज. दुसरा हेरिंगबोन : चौकोनी टोकांचे तुकडे एकमेकांना काटकोनात अडवत जातात. तिसरा शेव्हरॉन : तुकड्यांची टोकं तिरकी कापून मधोमध टोकाला टोक भिडवलेली, म्हणून खोलीभर सरळ मध्यरेषा उमटते. पॅरिसच्या जुन्या सदनिकांमध्ये हे दोन्ही विपुल दिसतात. सगळ्यांत मानाचा व्हर्साय बाज : सुमारे मीटरभराची ओकची चौकट, आत तिरक्या पट्ट्यांची गुंफण, सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ च्या सुमारास संगमरवराच्या जागी अशा लाकडी जमिनी आल्या. कारण व्यवहारी होतं. संगमरवर सतत धुवावा लागे, आणि झिरपलेल्या पाण्याने खालच्या लाकडी तुळया कुजत.

हे कारण आपल्या घरांनाही लागू आहे. आपल्याकडे जमीन रोज ओल्या फडक्याने पुसण्याची सवय आहे आणि कोकणपट्टीत पावसाळ्याची हवा लाकडाला भरपूर पाणी पाजते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. म्हणून मुंबई-पणजीसाठी थरांचं, म्हणजे इंजिनिअर्ड पार्केट बरं : वर खरं ओक किंवा साग, खाली एकमेकांना आडवे चिकटवलेले थर, जे या हालचालीला आवर घालतात. भिंतीलगत दहा-बारा मिलिमीटरची फट सोडावी आणि ती स्कर्टिंगने झाकावी. फडकं घट्ट पिळून घ्यावं. एवढं सांभाळलं की लाकूड साथ देतं.

बाजाची निवड खोलीच्या मापावर ठरते. छोट्या, उजेडाच्या खोलीला सरळ पट्ट्या खुलतात. लांबट बैठकीला हेरिंगबोन शोभतो. व्हर्साय चौकटीला मोठं दालन लागतं. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत प्रत्येक बाजूने तिच्या दोन-तीनच चौकटी धड बसतील आणि कडेला तिचे तुकडे पडतील. आणखी एक गोष्ट कायबॉतचे कामगार दाखवतात. ते शिरेच्या दिशेने तासतात. सरळ पट्टीवर हे सोपं असतं. हेरिंगबोनमध्ये शीर दोन दिशांना जाते, व्हर्सायमध्ये त्याहून अधिक, म्हणून पुढे कधी घासायची वेळ आली तर कसलेला कारागीर हवा.

तासणं हाच मला या चित्राचा गाभा वाटतो. गडद थराखालून फिकं, ताजं लाकूड वर येतं आहे. चिनी मातीच्या लादीला हे सहजी जमत नाही. लॅमिनेटला तर मुळीच नाही : त्याच्या वरच्या थरात लाकडाचा छापील फोटो असतो, घासला की संपला. खऱ्या लाकडाची जमीन मळते, झिजते, ओरखडते आणि पुन्हा तासून नवी होते. मात्र तासायला लाकूड शिल्लक हवं. इंजिनिअर्ड पट्टीत वरचा खऱ्या लाकडाचा थर साधारण दोन ते सहा मिलिमीटर असतो, आणि यंत्राने एकदा घासलं की त्यातला सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर जातो. अखंड लाकडाच्या पट्टीतही सांध्याच्या खाचेवर जेवढं लाकूड आहे तेवढंच कामाचं. हिशेब सोपा आहे. दोन मिलिमीटरची जमीन एखाद्या वेळी नवी होईल, सहा मिलिमीटरची तुमच्या मुलांच्या संसारातही नवी होईल.

म्हणून दुकानात गेल्यावर रंग, नक्षी आणि चकाकी नंतर पाहा. नमुन्याची कड उजेडात धरा, वरचा खरा थर मोजा आणि विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : ही जमीन किती वेळा तासता येईल? ज्याचं उत्तर 'एकदाही नाही', ते पार्केट कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.