जेकोबस, जेम्स, शेमस : आयरिश वंशशोधाचे एक वाचन

माझी भाची बॉस्टनजवळ राहते. तिच्या सासरचे घराणे मूळचे आयर्लंडचे. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाला शाळेत स्वतःची वंशावळ काढून न्यायची होती. आईकडची बाजू आमच्याकडच्या कागदांवरून तासाभरात भरली. वडिलांकडची पाचव्या पिढीपाशी अडली. "मामा, तुझं आयुष्य जुनी पुस्तकं वाचण्यात गेलं. थोडं लॅटिनही येतं तुला. एवढं बघून दे," असे तिने सांगितले. घरात ठाऊक होते ते इतकेच : महादुष्काळाच्या दिवसांत पश्चिम कॉर्कमधून जेम्स नावाचा एक तरुण अमेरिकेला आला. मॅसॅच्युसेट्समधल्या त्याच्या मृत्यूच्या नोंदीत वडिलांचे नाव डॅनियल होते, आईच्या नावाची जागा कोरी होती. घराण्याचे आडनाव मी येथे देत नाही. त्या भागात ते इतके सर्रास आढळते की दिल्यानेही कोणाची ओळख पटणार नाही. माझी सगळी अडचण हीच होती.

मी वंशावळींचा अभ्यासक नाही, साहित्याचा वाचक आहे. एखादी संहिता हाती आली की ती कोणी लिहिली, कोणासाठी, कोणत्या भाषेत, हे प्रश्न सवयीने पडतात. वंशशोधाच्या व्यवहारात हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. नोंदवहीतून, थडग्यावरून नाव उचलायचे आणि झाडाला टांगायचे, अशी रीत पडली आहे. या रीतीमुळे परके पूर्वज घरात येतात आणि खरे बाहेर राहतात, असे माझे मत झाले आहे.

आयर्लंडच्या बाबतीत पहिली गोष्ट सांगावी लागते ती आगीची. यादवी युद्धाच्या आरंभी, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतले सार्वजनिक दफ्तर स्फोटात आणि आगीत नष्ट झाले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक तक्ते त्यात गेले. १८६१ आणि १८७१चे तक्ते सरकारने आधीच नष्ट केले होते, तर १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी गेले. त्यामुळे आज पूर्ण हाती लागणारी सर्वांत जुनी जनगणना १९०१ची आहे. जेम्स त्याच्या निदान पन्नास वर्षे आधी निघून गेला होता.

एकोणिसाव्या शतकात राजमान्य धर्मसंस्था 'चर्च ऑफ आयर्लंड' ही होती. तिच्या नोंदी सरकारी दस्तऐवज मानल्या जात, म्हणून त्यांतल्या पुष्कळशा दफ्तरात जमा झाल्या आणि जळाल्या. कॅथलिकांच्या नोंदींना राज्याच्या लेखी हे महत्त्व नव्हते. त्या ज्या त्या पॅरिशमध्ये, पाद्र्याच्या कपाटात ओल खात पडल्या आणि म्हणूनच वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांचे मायक्रोफिल्म केले आणि जुलै २०१५मध्ये त्या प्रतिमा सर्वांसाठी मोफत खुल्या केल्या. म्हणून पुण्यात बसून मला कॉर्कमधला एक पॅरिश पानोपानी वाचता आला.

पण ती नोंदवही आहे तरी काय? आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. तेथे यजमान स्वतः आपल्या कुळाची नावे सांगतो. पुढच्या पिढीने ती वाचावीत हाच त्या लेखनाचा हेतू असतो. पॅरिशच्या वहीला वंशाशी कर्तव्य नाही. बाप्तिस्मा विधिवत झाला, आणि पुढे लग्नाच्या वेळी वधूवर निषिद्ध नात्यातले नाहीत, एवढ्याची खातरजमा करायला पाद्री ती लिहितो. म्हणून तीत मुलाचे नाव, आईवडील आणि धर्ममाता-धर्मपिता असतात. दफनाची नोंद बहुतेक कॅथलिक वह्यांत नसते. माणूस जन्मतो, लग्न करतो आणि पुढे वहीतून नाहीसा होतो. तो मेला की जहाजावर चढला, हे वही सांगत नाही.

शिवाय ही वही भाषांतरित आहे. पश्चिम कॉर्कमध्ये त्या काळी घराघरांत आयरिश बोलली जाई. आई ज्याला शेमस म्हणून हाक मारी, तो पाद्र्याच्या लॅटिनमध्ये जेकोबस झाला आणि जमीनदाराच्या व सरकारच्या कागदावर जेम्स. त्याचा बाप डोनल डॅनियल झाला. डिअर्मिडला जेरेमाया आणि टाइगला टिमोथी ही नावे चिकटवली गेली. त्यांच्यात ध्वनीच्या पुसट साम्यापलीकडे काही नाते नाही. गोबनेट या कॉर्कच्या लाडक्या संतिणीच्या नावाच्या मुली कागदोपत्री ॲबिगेल किंवा डेबोरा होत. आडनावामागचे 'ओ' आणि 'मॅक' गळून पडले, शतकाच्या अखेरीस सांस्कृतिक पुनरुज्जीवनाच्या लाटेत पुन्हा आले. ज्या भाषेत तो माणूस जगला, त्या भाषेतले त्याचे नाव बहुधा एकाही कागदावर नसते.

ब्रायन फ्रील यांच्या 'ट्रान्स्लेशन्स' (१९८०) या नाटकाकडे मी या शोधाच्या निमित्ताने पुन्हा वळलो. नाटक १८३३ सालच्या डॉनेगलमध्ये घडते. ब्रिटिश सैन्याचे मोजणी खाते गावांची आयरिश नावे इंग्रजीत बसवीत आहे. चर्चा नेहमी त्या नकाशाची होते. मला या वेळी दिसले ते एक बाळ. नाटकाच्या आरंभी शाळामास्तर एका नामकरणाला गेलेला असतो. शेवटच्या अंकात ते बाळ रात्रीत गेल्याची बातमी येते. गावांची नावे बदलण्याच्या कथेत फ्रील यांनी नाव मिळून लगेच पुसल्या जाणाऱ्या जिवाला जागा दिली. पॅरिशच्या वहीत अशा बाळाची बाप्तिस्म्याची ओळ राहिली असती, मृत्यूची नाही. दीडशे वर्षांनी एखाद्या अमेरिकन कुटुंबाने त्यालाच आपला पूर्वज ठरवले असते.

माझ्यासमोर नेमके हेच संकट होते. १८२० ते १८३०च्या दरम्यान त्या पॅरिशमध्ये एकाच आडनावाचे तीन जेकोबस निघाले. पहिला मुलगा आजोबांच्या, दुसरा आईच्या वडिलांच्या नावाचा, अशी आयरिश रूढी असल्याने चुलतभावांची नावे सारखीच असत. तिघांपैकी दोघांचे वडील डॅनियल. दोघांत फरक एकच : आईचे माहेरचे आडनाव. कॅथलिक पाद्री ते बहुधा लिहीत, चर्च ऑफ आयर्लंडच्या वह्यांत ते सहसा नसते. पुरुषांच्या नावांनी चालणारी वंशावळ शेवटी बायकांच्या माहेरावर येऊन थांबली.

आता थडगे. त्या गावच्या जुन्या दफनभूमीतल्या लेखांची उतरवलेली यादी मला मिळाली. तीत १८८०च्या दशकातला एक दगड होता : डॅनियल आणि त्याची पत्नी, तिच्या नावापुढे त्या काळच्या रीतीप्रमाणे 'एलियस' लिहून माहेरचे आडनाव. वहीतल्या दोन मातांपैकी एकीचेच ते होते. भाचीच्या घरी आनंद झाला. उन्हाळ्यात तिकडे जाऊन फुले ठेवायची, असे तिच्या सासूबाईंनी ठरवूनही टाकले.

मला मात्र तो दगड वाचताना अडखळायला झाले. आयरिश थडग्यांवर पहिले नाव बहुधा मृताचे नसते. 'अमुक याने उभारले' अशी सुरुवात असते. दगड आधी त्याचा खर्च करणाऱ्याविषयी बोलतो. या दगडावर उभारणारा मुलगा वेगळा होता आणि जेम्सचा उल्लेख कोठेही नव्हता. १८५०च्या दशकाच्या आरंभी त्या भागात ग्रिफिथचे मूल्यांकन झाले. त्यात जमीन कसणाऱ्याचे नाव असते. तेथे डॅनियल एकच आहे. दुसऱ्या डॅनियलचे घर नाही, दगड नाही. त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे १८४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दिसतात आणि पुढे काहीच नाही.

त्या 'काहीच नाही'चा अर्थ इतिहास सांगतो. १८४५ला बटाट्यावर करपा पडला. १८४१मध्ये ८१ लाखांवर असलेली देशाची लोकसंख्या १८५१मध्ये ६५ लाखांवर आली; सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. पश्चिम कॉर्कमधल्या स्किबरीनजवळच्या ॲबेस्ट्रूरी येथे आठ ते दहा हजार माणसे सामुदायिक खड्ड्यांत पुरली आहेत, असे मानले जाते. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळांना तर चर्चच्या भूमीतही जागा नसे. त्यांच्यासाठी 'किलीनी' नावाच्या वेगळ्या जागा होत्या, तेथे नुसते शेतातले दगड. १८८८ ते १९३४ या काळात आयर्लंडमधल्या थडग्यांचे लेख जमवून छापणारी एक संस्था होती. तिचे काम मोलाचे आहे, पण अशा कोणत्याही संग्रहाची मर्यादा उघड आहे : कोरलेले असेल तेच उतरवता येते.

मृतांच्या या प्रतवारीवर मार्टिन ओ कायन यांनी 'क्रे ना किले' (१९४९) ही आयरिश कादंबरी लिहिली. तीत सगळी पात्रे पुरलेली आहेत आणि अखंड भांडत आहेत. नायिका कॅट्रीनाची पहिली काळजी ही की आपल्याला एक पौंडाच्या जागेत पुरले की पंधरा शिलिंगांच्या. दुसरी काळजी, आपल्यावर दगडी क्रूस कधी उभा राहणार. नवा मृत आला की ती तेच विचारते. कादंबरी कमालीची विनोदी आहे आणि तिचे निदान अचूक आहे : थडगे ही प्रतिष्ठेची बाब आहे, तो पुरावा नंतर होतो.

जॉन ग्रेनहॅम यांचे 'ट्रेसिंग युवर आयरिश ॲन्सेस्टर्स' (पहिली आवृत्ती १९९२) हे मार्गदर्शक मला आवडले ते याच कारणाने. काय शिल्लक आहे याइतकेच काय शिल्लक नाही हेही ते स्पष्ट सांगते. पण मार्गदर्शकाचा वाचक घाईत असतो. त्याला पूर्वज हवा असतो, आणि ज्याचा दगड आहे तो आधी सापडतो. अशा रीतीने जे टिकले त्यांच्याच नावावर गेलेल्यांचे वंशज चढत जातात. ज्या घराला १८८०मध्ये दगड परवडला, त्या घरातून मुलगा गेलाच नसेल असे मी म्हणत नाही; त्या काळी बऱ्या घरांतूनही माणसे गेली. माझे म्हणणे एवढेच की त्या दगडामुळे जेम्स त्या घरचा ठरत नाही.

मी भाचीला तसे कळवले. तिच्या सासूबाई काही दिवस नाराज होत्या. "म्हणजे फुलं कुठे ठेवायची?" हा त्यांचा प्रश्न होता आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हते. नातवाने मात्र जेम्सच्या वर दोन तुटक रेघा काढल्या. दोन्हींच्या टोकाला डॅनियल लिहिले आणि प्रत्येकाशेजारी त्याच्या बायकोचे माहेरचे आडनाव. शाळेत बाईंनी विचारले, यातली खरी कोणती? त्याने सांगितले, ते माहीत नाही, म्हणून दोन्ही ठेवल्या आहेत.

गेल्या उन्हाळ्यात ती मंडळी कॉर्कला जाऊन आली. त्या दगडापाशी गेली, आणि तेथून ॲबेस्ट्रूरीलाही. फुले दोन्हीकडे ठेवली.