नाव कोणासाठी?

बारशाच्या घरी पाळण्याच्या दोऱ्या बांधून होण्याआधीच नावांचा वाद पेटलेला असतो. आजीला देवाचे नाव हवे, आत्याला गोड नाव हवे, बापाला शेजारीपाजारी कोणाचे नसेल असे नाव हवे. आणि या सगळ्यांना गप्प करण्यासाठी कोणीतरी नावांच्या अर्थाची एखादी पुस्तिका पुढे करतो. अशा पुस्तिका मराठीत उदंड आहेत, आणि अलीकडे त्यांत अरबी नावांची वेगळी यादीही आढळू लागली आहे. तिचे मी मनापासून स्वागत करतो. पण स्वागत करून झाल्यावर ती वाचायलाही हवी. आणि वाचली, की तिच्याशी भांडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

पहिले भांडण असे. या यादीत कोणतेही नाव काढा; त्याचा अर्थ 'सुंदर', 'उदात्त', 'तेजस्वी' किंवा 'सिंह' यांपैकी एक असतोच. असद सिंह, लैस सिंह, उसामा सिंह, हैदर सिंह, अब्बास सिंह. खोटे काहीच नाही. पण ज्या भाषेने एका जनावराला इतक्या नावांनी हाका मारल्या, तिला या नावांत काही फरक दिसत असेल की नाही? अब्बास हा कपाळाला आठ्या घातलेला सिंह आहे. ज्याच्याकडे पाहून इतर जनावरे वाट सोडतात तो. असद हा नुसता सिंह. हा फरक गाळला, म्हणजे नावाची कातडी राहिली आणि जनावर पळाले.

अरबी भाषेची घडण ज्याने थोडीफार पाहिली आहे, त्याला हे गाळणे फार जाचते. संस्कृतात जसे धातू, तशी अरबीत बहुधा तीन व्यंजनांची मुळे असतात आणि स्वरांच्या साच्यांत ती ओतली जातात. ह-म-द हे स्तुतीचे मूळ. त्यातून 'मुहंमद' म्हणजे ज्याची पुन्हापुन्हा स्तुती झाली तो. 'महमूद' म्हणजे स्तुत झालेला. 'हामिद' म्हणजे स्तुती करणारा. 'हमीद' म्हणजे स्तुतीला पात्र. एक जण स्तुती करतो, दुसऱ्याची स्तुती होते. आमच्या पुस्तिकेत मात्र चौघेही 'स्तुत्य' या एकाच खोलीत कोंबलेले. 'हसन' म्हणजे चांगला, देखणा. त्याचेच लाडके, लहान रूप 'हुसैन'. आपण बाळाचा बाळ्या करतो, तसा अरबांनीही व्याकरणात लाडासाठी एक साचा राखून ठेवला आहे, हे कळले तर वाचकाला आनंदच होईल.

दुसरे भांडण लिपीचे. अरबीतली कितीतरी निराळी अक्षरे देवनागरीत एकाच अक्षरावर येऊन बसतात. 'आसिया' हे नाव घ्या. फेरोच्या सत्शील पत्नीचे म्हणून मुस्लिम परंपरेत आदराने ठेवले जाणारे आसिया हे एक नाव. आणि 'आज्ञा मोडणारी' अशा अर्थाचे, अगदी वेगळ्या अक्षरांनी लिहिले जाणारे आसिया हे दुसरे. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखीच. हा इशारा जी पुस्तिका देत नाही, ती एखाद्या आईची विनाकारण झोप उडवील.

तिसरे भांडण उगमाचे. मुसलमान घरांत आढळणारे प्रत्येक नाव अरबी, अशी आपली सरसकट समजूत आहे. फिरोज, परवीन, शिरीन ही फारसी नावे. इब्राहिम, इस्माईल, दाऊद, सुलेमान, मरियम ही अरबीपेक्षा जुन्या भाषांतून आलेली, ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांशी सामाईक असलेली नावे. गंमत अशी, की अरबी वैयाकरणांना हे पक्के ठाऊक होते. परक्या भाषेतून आलेल्या बहुतेक विशेषनामांना त्यांनी विभक्तीचे पूर्ण प्रत्यय लागू दिले नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा नियम केला. त्यातही नूह आणि लूत यांसारख्या आखूड नावांना सूट दिली. पाहुणा लहान असला की घरच्यासारखा वागवतात तशी! बाराव्या शतकात बगदादच्या अल-जवालिकीने अरबीत आलेल्या परक्या शब्दांचा एक स्वतंत्र कोशच रचला. म्हणजे आपल्या भाषेत बाहेरून काय आले, हे सांगण्यात त्या विद्वानांना कमीपणा वाटला नाही.

इथवरची भांडणे अभ्यासाच्या कमतरतेची आहेत. ती पुढच्या आवृत्तीत मिटतील. खरे भांडण याहून खोल आहे, आणि त्यासाठी मला एका जुन्या ग्रंथाकडे वळले पाहिजे.

इब्न दुरैद हा बसऱ्यात जन्मलेला आणि 933 साली बगदादमध्ये वारलेला भाषापंडित. त्याच्या 'किताब अल-इश्तिकाक' या ग्रंथाचा विषयच अरबांच्या नावांची व्युत्पत्ती हा आहे. 1854 साली व्यूस्टेनफेल्ड या जर्मन पंडिताने तो छापून काढला. पुढे 1958 साली कैरोत त्याची नवी आवृत्ती निघाली. अरबांची नावे अर्थहीन आहेत, ओबडधोबड आहेत, असे हिणवणारे लोक त्या काळी होते. त्यांना उत्तर देण्यासाठी इब्न दुरैदने लेखणी उचलली. त्याच्यापुढची अडचण मोठी होती. जुन्या अरबांत 'कल्ब' म्हणजे कुत्रा, 'हन्झला' म्हणजे कडू वृंदावन, 'मुर्रा' म्हणजे कडू, 'सख्र' म्हणजे खडक, 'हर्ब' म्हणजे युद्ध अशी नावे राजरोस होती. आमच्या पुस्तिकाकाराने यांना बेमालूम 'शूर' आणि 'दृढ' करून टाकले असते. इब्न दुरैद तसे करत नाही. कुत्र्याला तो कुत्राच म्हणतो आणि मग विचारतो: बापाने हे नाव का ठेवले असेल?

त्याची उत्तरे साधी आहेत. बायको वेणा देत असताना बाप तंबूबाहेर पडे आणि जे पहिले दिसेल त्याचे नाव मुलाला देई. मग तो कोल्हा असो की घोरपड. कधी काटेरी झाडाचे नाव देत, कारण मुलगा शत्रूला बोचला पाहिजे. आणि याच संदर्भात तो एक जुनी गोष्ट सांगतो. एका अरबाला कोणी विचारले, तुम्ही आपल्या मुलांना कुत्रा-लांडगा अशी वाईट नावे देता आणि गुलामांना मात्र चांगली चांगली नावे देता, हे कसे? तो म्हणाला, मुलांची नावे आम्ही शत्रूंसाठी ठेवतो, गुलामांची आमच्यासाठी.

या एका उत्तरात नावांच्या अर्थाचे सगळे शास्त्र आले आहे, असे मला वाटते. नावाचा अर्थ शब्दात असतो तितकाच तो कोणाच्या कानासाठी ठेवला यात असतो. आपल्याकडचे धोंडू, दगडू, केरू, भिकू आठवा. आधीची मुले दगावलेल्या आईने ते नाव ठेवलेले असते. ते मृत्यूच्या कानासाठी असते. 'हा तर नुसता दगड, याला नेऊन काय करशील?' असे ती यमाला सांगत असते. अरब आपल्या पोराला कुत्रा म्हणून शत्रूवर सोडतो, मराठी आई आपल्या पोराला धोंडा म्हणून पदराआड लपवते. शब्द दोन्हीकडे ओबडधोबड. पण आत काळीज आहे. आणि 'नकुशी' हे नावही आपल्याकडचेच. तेही दैवाच्या कानासाठी ठेवलेले, पुढची मुलगी नको म्हणून. पण ऐकावे लागते ते त्या मुलीला. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा शेकडो मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली, तेव्हा हाक मारणाऱ्याच्या हक्कापेक्षा ऐकणारीचा हक्क मोठा, हे सरकारदरबारी मान्य झाले.

हे ध्यानात घेतले, की गुळगुळीत अर्थाने काय हरवते ते दिसते. 'खदीजा' या नावापुढे पुस्तिकेत 'आदरणीय स्त्री' असे काहीतरी असते. पैगंबरांच्या पत्नीमुळे त्या नावाला आदर आला, हे खरे. पण शब्दाचे मूळ सांगते, दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली. वाळवंटात अपुऱ्या दिवसांची पोर जगली, यातले नवल आणि कौतुक त्या नावात आहे. 'फातिमा' चे मूळ अंगावरचे दूध तोडण्याचे आहे. लेकरू दुधावरून अन्नावर येणे, म्हणजे पहिला धोका टळणे. 'आयेशा' म्हणजे जगणारी. तिन्ही नावे एकापुढे एक ठेवा: अपुऱ्या दिवसांची, दूध सुटलेल्या लेकराची, जगणारी. ज्या काळात मूल जगेलच याचा भरवसा नव्हता, त्या काळाच्या बायकांचा श्वास त्यांत ऐकू येतो. 'आदरणीय' या शब्दात तो ऐकू येत नाही.

आता त्या अरबाच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग: गुलामांची नावे आमच्यासाठी. यासार म्हणजे सुबत्ता, रबाह म्हणजे नफा, नजीह म्हणजे यशस्वी. धन्याने हाक मारावी, 'नफा, इकडे ये,' आणि नफ्याने धावत यावे! एका हदीसमध्ये पैगंबर मुहंमद यांनी गुलामांना अशी नावे देऊ नका असे सांगितल्याचे आहे. कारण 'नफा घरात आहे का?' असे कोणी विचारले, तर 'नाही' म्हणावे लागेल. पुढच्या काळात गुलामांना सुगंधांची आणि रत्नांची नावे मिळू लागली. काफूर म्हणजे कापूर, अंबर म्हणजे समुद्रातला तो महागडा सुगंधी पदार्थ, याकूत म्हणजे माणिक. दहाव्या शतकात मिसरवर सत्ता गाजवणारा काफूर मूळचा काळा गुलाम. त्याला पांढऱ्याशुभ्र कापराचे नाव देण्यात कौतुक किती आणि थट्टा किती, कोण जाणे. त्याच्या दरबारी आधी स्तुती गाणाऱ्या आणि मग रागावून निघून गेलेल्या मुतनब्बी या महाकवीने त्याची केलेली निंदा अरबीत आजही कुप्रसिद्ध आहे.

तेराव्या शतकातला महान भूगोलकार याकूत लहानपणी बगदादमध्ये हमा गावच्या एका व्यापाऱ्याला विकला गेला होता. चरित्रकार इब्न खल्लिकान नोंदवतो, की नावलौकिक झाल्यावर त्याने स्वतःला 'याकूब' म्हणवून घेतले. माणकापेक्षा एका माणसाचे नाव त्याला बरे वाटले. जगाने मात्र त्याचे ऐकले नाही; तो याकूतच राहिला. पुस्तिकेत 'याकूत' पुढे 'माणिक, मौल्यवान रत्न' असे वाचताना मला नेहमी वाटते, मौल्यवान खरेच. पण मोल कोणी केले होते?

इथे एक आक्षेप इब्न दुरैदवरही घेतला पाहिजे. त्याचा ग्रंथ वंशावळींच्या क्रमाने रचलेला आहे. ज्याला टोळी आहे, बापाचा बाप आहे, त्याच्या नावाची व्युत्पत्ती तेथे मिळते. गुलामाला वंशावळ कुठली? त्या ग्रंथात तो एका चतुर उत्तरात येऊन जातो, तेवढाच. नावांच्या इतक्या मोठ्या जाणकारानेही सुंदर नावांमागचे दुःख उकलले नाही.

मग वाईट नावे बदलावी की राखावी? हदीसच्या संग्रहांत दोन गोष्टी आहेत. 'आज्ञा मोडणारी' या अर्थाच्या आसियाचे नाव पैगंबरांनी बदलून 'जमीला', म्हणजे सुंदर, असे ठेवले. आणि 'हज्न', म्हणजे खडबडीत जमीन, अशा नावाच्या माणसाला त्यांनी 'सहल', म्हणजे सपाट, हे नाव सुचवले. तो म्हणाला, बापाने ठेवलेले नाव मी बदलणार नाही. त्याचा नातू सईद हा मदिनेचा मोठा विद्वान झाला. तो म्हणे, तेव्हापासून आमच्या घराण्यात खडबडीतपणा राहिला तो राहिलाच. मला ही गोष्ट फार आवडते. आसियाचे नाव बदलले हे योग्यच झाले. आणि हज्नने ऐकले नाही म्हणून त्याला कोणी हाकलून दिले नाही, हेही योग्यच झाले. माणसाने नाव बदलावे, राखावे. पण पुस्तिकेने त्याचा अर्थ बदलू नये.

या चर्चेचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. वारीची आजची शिस्त ज्यांनी घालून दिली, त्या हैबतबाबांच्या नावातली 'हैबत' अरबी आहे. तिचा अर्थ दरारा. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या पिरावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. 'शाह' फारसी, 'शरीफ', म्हणजे कुलीन, अरबी. आणि ज्या मलिक अंबरच्या जमीनधाऱ्याची आठवण मराठी मुलुखाने पिढ्यान्‌पिढ्या ठेवली, तो हबसाणातून हातोहात विकला गेलेला मुलगा. त्याचे जन्मनाव चापू होते असे सांगतात. 'अंबर' म्हटले, की आपल्या कानाला आकाश ऐकू येते. ते आकाश नव्हे. ते बाजारातल्या सुगंधाचे नाव आहे.

1624 साली नगरजवळ भातवडीला लढाई झाली, तेव्हा मलिक अंबर, शहाजी आणि शरीफजी एकाच बाजूला होते. शरीफजी तेथे पडला. एका आईबापांनी कृतज्ञतेने ठेवलेले नाव आणि एका धन्याने खरेदीनंतर ठेवलेले नाव त्या रणावर शेजारी शेजारी उभी होती. दोन्ही शब्दांचे अर्थ कोशात सुंदरच आहेत. पण एकाच्या मागे नवस आहे आणि दुसऱ्याच्या मागे दावे. नावांचे जे पुस्तक एवढे सांगेल, ते मी पाळण्याशेजारी आनंदाने ठेवीन.