साबणाचा फुगा आणि आपला शेरा

(हौशी छायाचित्रकारांच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला असून, पडद्यावर दाखवलेल्या छायाचित्रांचे वर्णन व्याख्यात्यांच्याच शब्दांत आले आहे.)



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा जिन्यातच एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, ‘सर, फुगा टिकतो अर्धा मिनिट, आणि तुम्ही त्यावर तासभर बोलणार?’ मी म्हटलं, फुग्यावर नाही बोलणार. फुग्याच्या फोटोवर आपण जे बोलतो, त्यावर बोलणार. ते तर त्याहून कमी टिकतं. (हशा) तेव्हा हे मी गमतीनं म्हटलं. पण ते खरं नाही, हे शेवटी सांगेन.

पावसाळा लागला की आपल्याकडे साबणाच्या फुग्यांचे फोटो येऊ लागतात. याला कारण आहे. हवा दमट असली की फुग्यातलं पाणी लवकर उडून जात नाही, फुगा जास्त वेळ टिकतो. आणि बाहेर पाऊस असल्यामुळे माणसं घरात असतात. खर्च काही नाही. आमच्या लहानपणी रिठ्याचं पाणी आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ असायचा. आता भांड्यांचा पातळ साबण, थोडं ग्लिसरीन आणि स्ट्रॉ. नवीन कॅमेरा घेतलेला माणूस फुलं झाली, मुंग्या झाल्या की फुग्यांकडे वळतोच.

आणि फोटो पडद्यावर आला की आपले शेरेही ठरलेले. ‘छान टिपलंय.’ ‘बॅकग्राउंड काळं हवं होतं.’ ‘रिफ्लेक्शन त्रास देतंय.’ गेली कित्येक वर्षं ही वाक्यं मी ऐकतो आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त वेळा मीच ती म्हटली आहेत. आज त्यांची झडती घ्यायची आहे.

पहिला फोटो लावा.

रात्रीचा आहे. मागे काळी चादर, कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश. फुगा गोल आहे, फोकस चोख आहे. पण दिसतंय काय? दोन पांढरे ठिपके आणि एक पुसट कड. रंग नाहीत. यावर आपण काय म्हणतो? ‘फ्लॅश वापरू नका.’ मग तो मुलगा पुढच्या वेळी फ्लॅश बंद करतो, आयएसओ वाढवतो, फोटो दाणेदार येतो, आणि आपण म्हणतो, ‘नॉइज फार आहे हो.’ सांगितलं तसं केलं आणि वर बोलणी खाल्ली. यात शिकला काय तो?

त्याला कारण सांगायला हवं होतं. फुगा हा आरसा आहे. त्याला रंग लावलेला नसतो. साबणाचा जो पातळ पापुद्रा असतो, त्याच्या पुढच्या अंगावरून थोडा प्रकाश परततो, मागच्या अंगावरून थोडा परततो. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि पापुद्रा जितका जाड तितके काही रंग उठतात, काही विझतात. न्यूटनसाहेबांनी १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात फुग्यावरच्या रंगांचा क्रम लावून ठेवला आहे. म्हणजे जिथून प्रकाश परततो तिथेच रंग. फ्लॅश म्हणजे एक ठिपका, म्हणून त्याचं प्रतिबिंबही ठिपका. एक फुग्याच्या पुढच्या भिंतीतला, एक मागच्या. या मुलाला सांगायचं ते इतकंच: फ्लॅश राहू दे, पण तो सरळ फुग्यावर मारू नकोस. बाजूला पांढरी चादर टांग, फ्लॅश चादरीवर मार, आणि त्या चादरीचं प्रतिबिंब फुग्यात येईल असा उभा राहा. चादरीचा आकार जेवढा फुग्यात उतरेल, तेवढ्या जागेत रंग भरतील. हे आज रात्री घरी करून बघता येतं. माझ्या मते शेऱ्याची पहिली परीक्षा हीच. ऐकणाऱ्याला आज रात्री त्यातून काही करून बघता येतं का?

दुसरा फोटो.

अंगणात आठ-नऊ वर्षांची मुलगी फुगा फुगवते आहे. मागे ढगाळ आभाळ. फुगा फिकट, जवळजवळ नाहीच. इथे आपलं दुसरं वाक्य तयार: ‘बॅकग्राउंड काळं हवं होतं.’ शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. हा पापुद्रा फार तर आठ टक्के प्रकाश परत पाठवतो, बाकीचा आरपार जातो. मागे उजळ आभाळ असेल तर ते आठ टक्के त्यात बुडणारच.

पण जरा थांबा. हा फोटो कुणाचा आहे? मुलीचे गाल बघा. डोळे स्ट्रॉच्या टोकावर खिळलेत. भुवया वर गेल्यात. आता जोरात फुंकलं तर फुटेल आणि थांबलं तर गळून पडेल, हे तिला कळलं आहे. १८ व्या शतकात शार्दँ नावाच्या फ्रेंच चित्रकारानं खिडकीत ओणवून फुगा फुगवणारा एक मुलगा रंगवला. मागून एक लहान पोर टाचा उंचावून बघतंय. त्या चित्रात फुगा आहे, पण आपण बघत राहतो ते त्या मुलाचं लक्ष. आपल्या या फोटोतही तेच आलं आहे. आणि आपण ‘काळं बॅकग्राउंड’ म्हटलं की पुढच्या महिन्यात काय येणार? काळं मखमली कापड, त्यावर फुगा, आणि मुलगी गायब.

यांना सांगायचं ते असं: तुमचा फोटो मुलीचा आहे, तो तिचाच राहू दे. कॅमेरा तुमच्या कमरेपाशी होता, म्हणून फुग्यामागे आभाळ आलं. उभं राहून थोडं वरून बघितलं असतं, तर ते उजवीकडचं जास्वंदीचं दाट झुडूप फुग्यामागे आलं असतं. फुगाही उठला असता, मुलगीही राहिली असती. एक पाऊल आणि एक हात उंची, एवढाच बदल.

तिसरा फोटो. खरं म्हणजे दोन आहेत, एकामागोमाग घेतलेले.

या तरुणाला फुटणारा फुगा पकडायचा होता. अख्खा रविवार घालवला म्हणे. दुसऱ्या फोटोत फुगा फुटलाय, पण नुसता धूसर फराटा आहे. शेरा: ‘शटर स्पीड वाढवा.’ किती वाढवू? ते कुणी सांगत नाही. फुगा फुटतो तेव्हा पापुद्र्याची कड सेकंदाला साधारण ७ ते १० मीटर वेगानं मागे पळते. म्हणजे १/१००० सेकंदात ती सात-आठ मिलिमीटर सरकलेली असते. १/४००० लावलं तरी दोनेक मिलिमीटरचा फराटा येणारच. हे काम शटरचं नाहीच. खोली अंधारी करायची आणि फ्लॅश सगळ्यांत कमी ताकदीवर लावायचा. फ्लॅशची ताकद जितकी कमी, तितकी त्याची लकेर छोटी. ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागात नव्हे, दहा-वीस हजाराव्या भागात संपते. आकडा सांगितला की माणूस उगाच चार रविवार घालवत नाही.

पण मला बोलायचंय पहिल्या फोटोवर, फुटण्याआधीच्या. तो त्यानं ‘फसलेला’ म्हणून बाजूला ठेवला होता. का? तर कुणीतरी म्हणालं, वरचा भाग अंडरएक्स्पोज झालाय. बघा, फुग्याच्या डोक्यावर काळी टोपी आहे. मंडळी, ते अंडरएक्स्पोजर नाही! पाणी खाली उतरत जातं, वरचा पापुद्रा पातळ होत जातो. मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातल्या दोन-तीन भागांइतका पातळ झाला, की दोन्ही अंगांवरून परतणारा प्रकाश एकमेकांना पुसून टाकतो. तिथे रंग उरत नाही, काळं दिसतं. फुगा आता कधीही जाईल, याची ती खूण. या मुलानं तिथपर्यंत वाट बघितली, कॅमेरा स्थिर ठेवला, काळ्याखालचा तो रुपेरी पट्टा आणि त्याखालचा सोनेरी पट्टा बरोबर उघडला. आणि आपण त्याला सांगितलं, फसलाय. चूक फोटोत नव्हती, बघणाऱ्यात होती. समोर काय आहे हे न कळता चूक काढली, की समोरचा आपलं चांगलं काम केराच्या टोपलीत टाकतो.

आता चौथा फोटो. हा नीट बघा. काळी पार्श्वभूमी, रंगांचे वळसे, एकही डाग नाही. या फोटोला आपल्या प्रदर्शनात टाळ्या मिळाल्या होत्या. मला दाखवायचाय तो याच्या आधीचा फोटो, पण तो आता अस्तित्वात नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका ताईंनी तो आणला होता. दुपारच्या उजेडात खिडकीपाशी धरलेला फुगा. त्यात खिडकीचे गज, दोरीवरचे कपडे, आणि मधोमध डोळ्याला कॅमेरा लावलेल्या त्या स्वतः. तेही दोनदा, एकदा सुलट, एकदा उलट. कारण फुग्याची पुढची भिंत बहिर्गोल आरसा, मागची अंतर्गोल. मी माझं ठेवणीतलं वाक्य म्हटलं. ‘रिफ्लेक्शन त्रास देतंय. तुम्ही स्वतः आलायत त्यात, तेवढं काढून टाका.’ त्यांनी मान डोलावली. घरी गेल्या, कॉम्प्युटरवर पुसत बसल्या, ते जमेना म्हणून काळं कापड लावून हा नवा फोटो काढला. टाळ्या मिळाल्या. चहाच्या वेळी मी म्हटलं, ‘बघा, केवढा फरक पडला!’ त्या म्हणाल्या, ‘हो सर, हा चांगलाच आहे. पण आधीचा गेला. मी त्याच फाइलवर पुसत गेले. त्यात मी होते. आमच्या घरातले सगळे फोटो मीच काढते ना.’ रागानं नाही म्हणाल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या.

त्या अजून सभेला येतात. फोटो मात्र आणत नाहीत. का, ते मी विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं.

आज तो फोटो समोर आला तर मी आधी वर्णन करेन: ‘यात मला खिडकी दिसते, कपडे दिसतात, तुम्ही दिसता.’ मग विचारेन: ‘तुम्ही त्यात हव्या आहात का?’ नको असेल तर उपाय सोपे आहेत. गडद कपडे घाला, खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका, अंधाऱ्या बाजूला सरका. आणि हव्या असाल, तर उपाय अगदी वेगळे. आठ सेंटिमीटरचा फुगा असेल तर सुलट प्रतिबिंब त्याच्या मध्यापासून दोन सेंटिमीटर पुढे असतं, उलट प्रतिबिंब दोन सेंटिमीटर मागे. आपण बहुतेक वेळा फोकस लावतो फुग्याच्या कडेवर, म्हणून माणूस धूसर येतो आणि ‘त्रास’ वाटतो. फोकस दोन सेंटिमीटर पुढे घ्या, चेहऱ्यावर उजेड पडू द्या. तोच त्रास फोटोचा विषय होतो. तंत्र दोन्हीकडे आहे. कुठलं सांगायचं, ते त्या एका प्रश्नानंतरच ठरतं. तो प्रश्न मी गाळला.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग वाईट फोटोला वाईट म्हणायचंच नाही का?)

म्हणा की! पहिला फोटो जमला नव्हता, हे मी सांगितलंच. पण नुसतं ‘वाईट’ म्हटल्यानं त्याच्या हाती काय लागतं? ‘दोन ठिपके दिसतात, रंग दिसत नाहीत’ म्हटलं की हाती काहीतरी लागतं. आणि हेच ‘छान टिपलंय’लाही लागू. ते तर सगळ्यांत आळशी वाक्य. काय छान? गाल छान, की काळी टोपी छान? तेवढं सांगितलं तरच पुढच्या वेळी तो ते जपेल.

(प्रश्न: आणि तुमच्या फोटोंवर कोण बोलणार?)

बरोबर पकडलंत. (हशा) पुढच्या सभेला पहिला फोटो माझा लावा. फुग्याचाच आणतो. पहिलं मिनिटभर कुणी चूक काढायची नाही, काय दिसतंय तेवढंच सांगायचं. मग मला विचारायचं, आणि मग काय ते बोला. त्या ताई आल्या तर सुरुवात त्यांनी करावी, अशी माझी विनंती आहे. फोटोत मी असेनच, एकदा सुलट आणि एकदा उलट. राहू द्यायचं की काढायचं, ते मात्र आधी मला विचारा.