एकत्र लिहिणे आणि एकत्र शिकणे

संगणकजालाच्या साहाय्याने चालणाऱ्या सहअध्ययनाची प्रशंसा आज सर्वत्र ऐकू येते. ती निराधार नव्हे. परंतु अनेकांनी एका पानावर लिहिले म्हणजे ते सर्व एकत्र शिकले, असे गृहीत धरणे आम्हांस योग्य वाटत नाही. सर्वांस परिचित असलेल्या विकिपीडियाच्या आधारे हा भेद आम्ही येथे मांडीत आहोत.

२००० साली जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी ‘नुपीडिया’ नावाचा कोश हाती घेतला. त्यातील प्रत्येक लेखास तज्ज्ञांच्या परीक्षणाच्या सात पायऱ्या ओलांडाव्या लागत. परिणामी मोजकेच लेख पूर्ण झाले व २००३ मध्ये तो बंद पडला. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने हा क्रम उलटविला. प्रथम प्रकाशन, नंतर परीक्षण. आणि परीक्षक कोणीही वाचक. १ मे २००३ पासून हे दालन मराठीतही खुले झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, त्या मराठी विश्वकोशात नोंद लिहिणारा अधिकारी व ती वाचणारा जिज्ञासू यांच्यामध्ये एक भिंत होती. ती येथे उरली नाही.

तथापि भिंत पडल्याने संवाद सुरू होतोच असे नाही. प्रत्येक लेखामागे आणखी दोन पाने असतात. ‘इतिहास’ या पानावर प्रत्येक बदल तारखेसह नोंदला जातो, तर ‘चर्चा’ या पानावर त्या बदलाचे कारण मांडता येते. आमच्या मते सहअध्ययनाचे खरे स्थान हे दुसरे पान होय. बेळगावचेच उदाहरण घ्यावे. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक शासनाने या शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ असे केले. मग मराठी लेखात कोणते नाव योजावे? एकाने लिहावे, दुसऱ्याने खोडावे, पहिल्याने पुन्हा लिहावे, यास लेखन म्हणता येईल, अध्ययन नव्हे. तेच दोघे चर्चेच्या पानावर येऊन शासकीय नाव व भाषेतील रूढ नाव यांतील फरक साधार मांडू लागले, की ज्याचे मत मागे पडते त्यासही काही लाभते.

या साधनाचा एक दोषही सांगितला पाहिजे. येथे विधानास प्रकाशित आधार लागतो. हा नियम अफवांस आवर घालतो. परंतु ग्वाल्हेर, इंदूर वा बडोदे येथील मराठी घरांत जे केवळ मुखोद्गत उरले आहे, त्यास दारातच अडवितो. २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी भारतात व दक्षिण आफ्रिकेत मौखिक साक्षी ध्वनिमुद्रित करून त्या आधार म्हणून योजण्याचा प्रयोग केला. त्यातून प्रश्न सुटला नाही, पण तो सर्वांसमोर आला.

आपल्या धर्मशिक्षकांचे गट आता सामायिक पानावर पाठ तयार करू लागले, तर त्यांनी एक नियम पाळावा, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. दुसऱ्याचे वाक्य खोडण्यापूर्वी त्याचे कारण शेजारी लिहावे. गटप्रमुखानेही तयार पाठाआधी ही कारणेच वाचावीत. जेथे खोडाखोड आहे पण कारण नाही, तेथे पाठ कितीही नेटका असो, त्यातून कोण काय शिकले हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.