बुद्धिगुणांकाचे सूत्र : प्रास्ताविक मानसशास्त्रातील एका प्रकरणाची चिकित्सा

पदवीच्या प्रथम वर्षाला मानसशास्त्र शिकविताना ‘बुद्धिमत्ता’ हे प्रकरण सर्वांत सोपे मानले जाते. मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले १०० हे सूत्र फळ्यावर लिहिले, एक उदाहरण सोडविले की विषय संपतो. या सुलभतेनेच संकल्पनेचा विपर्यास होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमों यांच्यासह १९०५ मध्ये चाचणी सिद्ध केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना विशेष शिक्षण देता यावे म्हणून. बुद्धी ही वाढविता न येणारी ठरीव राशी आहे, या समजाचा त्यांनी १९०९ च्या ग्रंथात स्पष्ट निषेध केला होता. भागाकार त्यांचा नव्हेच. तो १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी सुचविला आणि १९१६ मध्ये टर्मन यांनी त्यास १०० ने गुणून रूढ केले. आपल्या अनेक क्रमिक पुस्तकांत मात्र ही तिन्ही नावे एकाच परिच्छेदात अशी येतात की, टर्मन हे जणू बिने यांचेच कार्य पूर्ण करीत होते.

प्रौढांच्या बाबतीत तर हे सूत्र टिकतच नाही. चाचणीवरील कामगिरी वयाबरोबर अखंड वाढत नसते. त्यामुळे २० वर्षांच्या तरुणाइतकी कामगिरी करणाऱ्या ४० वर्षांच्या प्राध्यापकाचा बुद्धिगुणांक ५० ठरेल! (विद्यार्थ्यांना हे उदाहरण विशेष आवडते.) वेश्लर यांनी १९३९ मध्ये समवयस्कांच्या सरासरीपासूनच्या विचलनावर आधारित गुणांक स्वीकारला, १९६० च्या आवृत्तीत स्टॅनफर्ड-बिने चाचणीनेही तोच मार्ग धरला. तरीही परीक्षेत गुण मिळतात ते भागाकाराला.

येथे मराठी संज्ञाही विचारात घ्यावी लागते. मूळ शब्दाचा अर्थ भागाकाराचे फळ एवढाच आहे. आपण ‘गुणांक’ म्हणतो, आणि ‘गुण’ म्हणजे परीक्षेतील गुण, तसेच अंगचे गुणही. किशोरवयीन विद्यार्थ्याला ९० हा आकडा सांगितला, तर तो स्वतःच्या योग्यतेवरील निकाल म्हणूनच ऐकतो. तो आकडा विशिष्ट वर्षी, विशिष्ट समूहावर ठरविलेल्या प्रमाणकांच्या तुलनेत आहे, हे त्यास कोणी सांगत नाही.

प्रमाणके जुनी होतात, हा मुद्दा गौण नाही. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकन आकडेवारीवरून दर दशकाला सुमारे ३ गुणांची वाढ दाखविली; म्हणजे जुन्या प्रमाणकांवर आजचे मूल अकारण हुशार ठरते. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी बिने श्रेणीचे रूपांतर करून त्यावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध केला. परकी चाचणी जशीच्या तशी न वापरण्याचा तो दृष्टिकोन आजही आदर्श आहे. त्यातील प्रमाणके मात्र त्या काळातील मुलांची आहेत. प्रात्यक्षिकाच्या वहीत विद्यार्थी चाचणीचे नाव, प्रयुक्ताचे वय आणि बुद्धिगुणांक नेटकेपणाने लिहितात. प्रमाणके कोणत्या वर्षीची, यासाठी रकाना बहुधा नसतो.