राखेची झिलई आणि रसिकाचा निर्णय

कलाकृतीमागे कलावंताचा हेतू असतो, हे समीक्षेचे एक जुने गृहीतकृत्य होय. लाकडाच्या जाळावर भाजलेल्या जपानी चहापात्रापुढे ते डळमळू लागते. कारण अशा पात्रावर कुंभार स्वहस्ते झिलई चढवीत नाही. पाचव्या शतकात कोरियातून जपानात आलेल्या ‘अनागामा’ या बोगद्यासारख्या भट्टीत जाळ कित्येक दिवस अखंड चालू ठेवतात. ज्वालेबरोबर उडालेली राख पात्रांवर बसते, आणि सुमारे १२५० अंश सेल्सिअस उष्णतेत तिच्यातील चुना व पोटॅश मातीतील सिलिकेशी संयोग पावून तिची हिरवट काच होते. आपल्याकडील कुंभाराच्या आव्यात इतकी उष्णता निर्माण होत नाही. तेथे राख ही राखच राहते.

मग या सौंदर्याचे श्रेय कोणाचे? ते केवळ दैवाला देणे सोपे, पण अपुरे आहे. माती कोणती घ्यावी, पात्र ज्वालेसमोर ठेवावे की आडोशाला, जाळ केव्हा थांबवावा, हे कुंभारच ठरवितो. भट्टी उघडल्यावर काय राखावे व काय टाकावे, हा निर्णयही मनुष्याचाच. इगा येथील ‘याबुरेबुकुरो’, म्हणजे ‘फाटकी पिशवी’, हे चहाविधीतील पाण्याचे भांडे तडे गेलेले आहे. तरीही ते टोकियोच्या गोतो संग्रहालयात मानाने जतन केलेले आहे. येथे निवड हा निर्मितीचाच एक भाग ठरला.

मर्ढेकरांनी सांगितलेले संवाद, विरोध व समतोल हे लयीचे नियम या पात्रांचे बरेचसे मर्म उलगडतात. एका अंगाची ओलसर चकाकी आणि दुसऱ्या अंगाची करपलेली, कोरडी माती यांत विरोध आहे. घाट त्यांचा समतोल साधतो. परंतु चहापात्र केवळ पाहावयाचे नसते. ओंजळीतील त्याचे वजन, तळाची खरखर, ओठाला लागणारी कड यांवाचून त्याचा आस्वाद पुरा होत नाही.

तथापि ओबडधोबडपणा हाच गुण मानण्यात धोका आहे. नवशिके बिझेन व शिगाराकी येथील भांडी बाळगून परिपक्वतेचा आव आणतात, असा आक्षेप चहाविधीचा आद्य आचार्य मुराता जुको (१४२३–१५०२) याने शिष्याला लिहिलेल्या पत्रात घेतला होता. तो समीक्षकालाही लागू पडतो. राखेचा प्रत्येक ओघळ सुंदर नसतो. घाटाशी त्याचे नाते जुळले, तरच तो अपघात न राहता पात्राचा अवयव बनतो.