आधी संवाद, मग पट्टी

मंडळी, आपल्या देवळाली प्रवरेसारख्या गावातला पंचेचाळिशीचा माणूस हौशी संगीत नाटकाच्या निवडीला उभा राहतो, तेव्हा पेटीवाला पहिला प्रश्न विचारतो, 'पट्टी कोणती?' आमचा आक्षेप प्रश्नाला नाही, तो पहिला असण्याला आहे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेचे सहा घटक सांगितले. त्यांत कथानक पहिलं. गीत हा मोठा अलंकार, पण अलंकारच. आपण मात्र अलंकार तोलून माणूस निवडतो.

'कट्यार काळजात घुसली' घ्या. १९६७ साली ते आलं तेव्हा खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे सत्तेचाळिशीत होते, आणि लष्करी हिशेब खात्यात बरीच वर्षं नोकरी करून आलेले. ते कसलेले गवई. हौशी माणसाची तुलना त्यांच्याशी नको, कबूल. पण खाँसाहेबांच्या मनातली ती उपेक्षेची आग, ती विशीतल्या तयार गळ्यातून कशी यायची?

नुसत्या वयावर भूमिका द्या, असं आम्ही म्हणत नाही बरं का. 'सौभद्रा'तला धापा टाकणारा अर्जुन आम्हीही पाहिलाय, आणि तो पाहवला नाही. पण आधी पानभर संवाद म्हणवून घ्या, त्याच ओघात पद उचलायला सांगा. शब्द कळतायत का, पद त्या पात्राच्या तोंडचं वाटतंय का, ते ऐका. मग वरचा सूर लागत नसेल तर काळी दोनचं पद पांढरी एकवर आणा. पेटीवाला कुरकुर करील. करू दे.